आरशाची कड

त्या वर्षी देवळाकडून तांबं आलंच नाही.
कारकून म्हणाला, खाणीची वाट बंद आहे,
वाळवंटात गाढवं मेली.
आणि त्याच दमात म्हणाला, सणाला तीनशे गळसऱ्या हव्यात.
निळ्या.

निळ्या म्हणजे पिरोजासारख्या. पिरोजाच्या नव्हेत.
पिरोजा घालणारे लोक आमच्या गल्लीत येत नसत.

पाइरी, माझा बाप, गारगोटी कुटायचा.
तिचा धुरळा त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर, भाकरीवर.
गारगोटीचं पीठ, तळ्याकाठचा खार, थोडी राख
आणि चिमूटभर तांबं, बस.
पण ती चिमूट नसेल तर
भट्टीतून निघतात ते नुसते दात.
मेलेल्या गाढवाचे.

त्या रात्री त्यानं आईचा आरसा काढला.
तांब्याचा, गोल, तिनं माहेरून आणलेला,
मूठ लाकडी, पाणवेताच्या देठासारखी.
वाळूच्या दगडावर त्याची कड घासत बसला,
खाली ताटली, ताटलीत लाल कीस.
आई जागी होती. तिनं कूस बदलली नाही.
सकाळी काजळ घालताना एवढंच म्हणाली,
"माझे कान गेले वाटतं."

मी नऊ वर्षांची. माझं काम काडीचं.
ओला लगदा गव्हाच्या काडीवर वळायचा,
दोऱ्यानं कापायचा, सावलीत मांडून ठेवायचा.
मण्यांना घाम येतो, हे किती जणांना माहीत आहे?
आतला खार हळूहळू वर चढतो,
अंगावर पांढरी लव धरते,
आणि त्या लवेला बोट लागलं
की तेवढ्या जागी निळं येत नाही.
माझी बोटं अशी किती गळ्यांत गेली असतील!
जेवणावळीत बसली असतील, बिअरनं भिजली असतील,
आणि पहाटे उकिरड्यावर.

भट्टीत काडी जळून जाते.
दोरा तिच्याच वाटेनं जातो.
बाप त्याला भोक म्हणायचा.
मी अजून काडीच म्हणते.

शंभर गळसऱ्या झाल्या तेव्हा आईला हनुवटी नव्हती.
दोनशेला उरला एक डोळा.
ती एकात काजळ घालायची, आरसा सरकवायची, मग दुसऱ्यात.
"दोन बायका राहतात यात," म्हणायची,
"एकमेकींशी बोलत नाहीत."
बाप हसायचा नाही. दगडाकडे बघायचा.

मग एका दुपारी तेन्तपा आली,
विटा पाडणाऱ्या हुयची बायको, आठवा महिना,
आधीची दोन पोरं नदीकाठच्या वाळूत पुरलेली.
उंबऱ्यातच म्हणाली, मला तावेरेत पाहिजे.
पाणघोड्याच्या तोंडाची, पोट सुटलेली, निळी.
हिरवट नको. मागची हिरवट होती.
द्यायला तिच्यापाशी चार कांदे.

बाप म्हणाला, कारकून कीससुद्धा मोजतो.
खोटं होतं ते. कीस आमचाच होता.

आई उठली. मुठीतून तो तुकडा हिसकून काढला,
बापाच्या मांडीवर टाकला.
"हा डोळा घे. कांदे राहू देत तिच्याकडे."

देवी नीट नाही निघाली.
तांबं जास्त झालं, निळ्याच्या पलीकडे गेलं,
रात्री नदी दिसते तसं.
एक पाय भट्टीच्या तळाला चिकटून तुटला.
तेन्तपानं तो तुटका पायही मागून घेतला,
दोन्ही एकाच दोऱ्यात ओवून पोटावर बांधले.

कारकुनानं मोजल्या: दोनशे एक्याण्णव.
नऊ गळसऱ्यांचे गहू कापले.
शिवाय गाढवांबद्दल पुन्हा सांगितलं.

तेन्तपाला मुलगी झाली. गल्ली झोपेना अशी रडायची.

त्यानंतर रोज सकाळी तेन्तपा यायची, पोर कडेवर,
अंगठ्यानं आईची हनुवटी वर करायची,
काजळाची काडी बुडवायची.
"हलू नका."
पोर तिचा हात ओढायचं,
रेघ कानापर्यंत वाकडी जायची.
आई तशीच बाजारात जायची.